झिजण्याइतपत कडक

आमच्या घरात चकलीचे सोरे दोन आहेत. एक स्टीलचा, नवा, स्वयंपाकघरात. दुसरा पितळेचा, माझ्या आईचा, मागच्या व्हरांड्यात माझ्या टेबलाखाली, आणि त्याच्या पोटावर लाल ऑइलपेंटची मोठी फुली. ती फुली मी मारलेली नाही.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी दिवाळीला महिनाभर असताना एका दुपारी ही भिशीला गेली होती. मी पितळेचा सोऱ्या फडताळातून काढला, त्यात चिनी मातीचा काळसर गोळा भरला, दट्ट्या दाबला आणि वर्तमानपत्रावर वीत-वीत लांबीच्या सात-आठ कांड्या पाडल्या. मग सोऱ्या तीनदा घासला, पुसला, उन्हात वाळवला आणि होता तसा जागेवर ठेवला. महिन्यानं भाजणीला हात घालायच्या आधी हिनं दट्ट्या उलटा करून पाहिला. कडेला केसभर काळी रेघ.

"अहो, हे काय?"

खोटं मला वेळेवर कधीच सुचत नाही. "कोबाल्ट," मी म्हणालो.

"खायचं असतं का ते?"

"नाही."

यावर ती जे म्हणाली ते ती अजूनही म्हणते. "मी बघितलं नसतं, तर तुम्ही सांगितलं असतंत?"

मग आम्ही भांडी बाजारात जाऊन स्टीलचा आणला. त्यातून चकलीला नीट काटे येत नाहीत, हे मला दर दिवाळीत ऐकावं लागतं आणि ते खरंही आहे. जुन्याची चकती पितळेची, धार आलेली. तिचे काटे आता माझ्या खडूंना येतात.

कांड्या म्हणजे खडू. मातीच्या भांड्यावर चित्र काढायचे, मातीचेच खडू. पोरांचे तेलखडू इथे चालत नाहीत. भट्टीत मेण जळून जातं, बहुतेक रंगही जळून जातात, भांडं कोरं बाहेर येतं. भट्टीतून जिवंत बाहेर येतात ती धातूंची भस्मं, म्हणजे ऑक्साइडं. लोखंड, कोबाल्ट, क्रोम, मँगनीज वगैरे. ती मातीत कालवून, वळून, वाळवून, थोडीशी भाजून खडू करायचा, त्यानं भाजलेल्या भांड्यावर रेघ ओढायची, वरून पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा लेप, द्यायचं आणि सगळं पुन्हा भट्टीत. सांगायला हे चार ओळींचं काम आहे. मला त्याला दोन वर्षं लागली, आणि हिला विचाराल तर एक सोऱ्या लागला.

मी पाटबंधारे खात्यात १९८१ साली अनुरेखक म्हणून लागलो आणि आरेखक म्हणून निवृत्त झालो. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर किंवा ट्रेसिंग क्लॉथ ठेवायचं आणि शाईनं गिरवायचं. चुकलं तर अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, ती जागा नखानं घोटून गुळगुळीत करायची आणि परत गिरवायची. चांगल्या ट्रेसिंगची खूण एकच. ती कुणी काढली हे कळता कामा नये. आमच्या हॉलमध्ये अकरा जण होतो आणि अकरा जणांची रेघ एकच होती. नव्या माणसाची रेघ ओळखू यायची, आणि ती ओळखू येईनाशी झाली की तो पक्का झाला असं समजायचं.

असा माणूस निवृत्तीनंतर नाशिकमध्येच एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये चालणाऱ्या मातीकामाच्या वर्गाला गेला तर काय होईल? चाकावर माझी भांडी बरी यायची. बरी म्हणजे वाटी वाटीसारखी दिसायची. सजवायची वेळ आली की हातात ब्रश. मी आयुष्यात ब्रश धरलेला नाही. शिवाय पहिल्या भाजणीतून आलेलं भांडं तहानलेलं असतं. रंगातलं पाणी ते टेकवताक्षणी ओढून घेतं, आणि रेघ इंचभर जाते न जाते तोच ब्रश कोरडा पडून अडखळतो. वर्गातल्या मुली एका दमात वेली काढायच्या. माझी वेल खोकत-खोकत जायची.

आमच्या मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या आहेत. मला काका म्हणतात. त्यांनी एकदा कपाटातून डबा काढून परदेशी बनावटीची अंडरग्लेझ पेन्सिल हातात दिली. "काका, ही वापरून बघा. फक्त जपून, मोडते." मी एका फुटक्या कुंडीच्या तुकड्यावर रेघ ओढली. कर्रर्र असा बारीक आवाज आला आणि मला एकदम ऑफिस आठवलं. हाताला समोरून थोडा विरोध पाहिजे, तो मिळाला. मग किंमत विचारली आणि पेन्सिल परत डब्यात ठेवली.

पहिला प्रयोग अर्थातच चुकीचा. मेणबत्ती वितळवली, त्यात गेरू घोटला, वर्तमानपत्राच्या नळीत ओतला. झोकात खडू तयार. भाजलेल्या बशीवर लोण्यासारखा चालला. मी खूश. मॅडमनी बशी ग्लेझमध्ये बुडवून वर काढली, तर जिथे जिथे माझी रेघ तिथे तिथे ग्लेझ बाजूला सरकलेलं. कमळाच्या पानावरचं पाणी. मेणावर ग्लेझ बसत नाही. लोक मुद्दाम मेण लावून भांड्याचा काही भाग कोरा ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. बशी भट्टीतून आली तेव्हा सगळी चकाकणारी आणि माझं चित्र तेवढं खरखरीत, ओरखडल्यासारखं. तोडगा होता, मधे एकदा भाजून मेण उडवून द्यायचं. पण एका रेघेसाठी भांडं तीनदा भट्टीत घालायचं म्हणजे विजेचं बिल कोणी भरायचं?

मग मातीकडे वळलो. आणि इथे मला, पस्तीस वर्षं पेन्सिल वापरलेल्या माणसाला, पेन्सिल म्हणजे काय हे पहिल्यांदा कळलं.

आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. असतं ग्राफाइट. उत्तम ग्राफाइट पूर्वी इंग्लंडच्या बॉरोडेलच्या खाणीतून यायचं, आणि त्याच्या अखंड तुकड्यातून काड्या कापून पेन्सिली करायचे. फ्रेंच क्रांतीनंतर फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध सुरू झालं आणि पॅरिसमध्ये पेन्सिली मिळेनाशा झाल्या. आता युद्ध म्हटलं की नकाशे आले. तेव्हा निकोला-जाक काँते नावाच्या गृहस्थाला हे काम सांगितलं गेलं. त्यानं हलक्या ग्राफाइटची पूड केली, तिच्यात माती कालवली, काड्या वळल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त की मऊ आणि काळी. एच आणि बी ही अक्षरं नंतरची, पण मुळात हिशेब तोच. (हाच काँते बलूनसाठी हायड्रोजनचे प्रयोग करताना एक डोळा गमावून बसला होता. तेव्हा माझं सोऱ्याचं प्रकरण काहीच नाही, असं मी हिला सांगून पाहिलं. पटलं नाही.)

म्हणजे मी पस्तीस वर्षं हातात धरत होतो ते कुंभारकामच होतं! भाजलेली माती. दोन-एच काय, एचबी काय, सगळी भट्टीतून आलेली. मग मला आणखी काय पाहिजे होतं? काँतेच्या ग्राफाइटच्या जागी धातूचं भस्म घालायचं. बस.

बस म्हणायला सोपं. दोनशे पानी वहीत मी घाणे लिहायला लागलो. घाणा हा शब्दही स्वयंपाकघरातूनच उचललाय, चकलीचा असतो तसा. पहिल्या घाण्यात नुसती चायना क्ले आणि बाभळीचा डिंक, न भाजता वाळवलेला. रेघ छान उमटली आणि फुंकर मारली की उडाली, शिवाय खडू बोटांतच पिठासारखा ढासळला. दुसऱ्यात बॉल क्ले घातली. ती चिकट, वळायला गुणाची, पण वाळताना इतकी आकसली की कांड्या केळ्यासारख्या वाकल्या. दोन्हींचं लग्न लावल्यावर संसार जरा सरळ झाला. हल्ली माझं माप असं आहे : बॉल क्ले ४० ग्रॅम, चायना क्ले ३०, फ्रिट १५, रंग १५, आणि वर चमचाभर बेंटोनाइट, ही एक फार चिकट माती. फ्रिट म्हणजे एकदा वितळवून, गार करून दळलेली काच. ती भट्टीत लवकर मऊ पडते आणि मातीच्या कणांना धरून ठेवते, खडूतही आणि नंतर भांड्यावरही. हे सगळं कोरडं असताना आधी चाळून घ्यायचं, मग पाणी. मळून झाल्यावर गोळा रात्रभर ओल्या फडक्यात. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही. आई कणीक झाकून ठेवायची.

वळायला तळहात पुरेनात. हातावरची कांडी मधे जाड, टोकाला बारीक, आणि आत हवा राहते. वाळताना नेमकी तिथेच मोडते. म्हणून सोऱ्या. शेवेच्या चकतीतून फार बारीक, सुई. चकलीच्या चकतीतून बरोबर. काटे येतात खरे, पण ते वरदान निघालं. गोल खडू टेबलावरून घरंगळून फुटतो, काटेरी जागेवर राहतो. पेन्सिल षटकोनी का असते, याचा एवढा प्रत्यक्ष पुरावा मला आधी मिळाला नव्हता.

आता भाजणं. मातीच्या कणांत रसायनानं बांधलेलं पाणी असतं, उन्हात कितीही वाळवली तरी ते जात नाही. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते निघून जातं आणि त्यानंतर ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. माती संपली, भांडं सुरू झालं. पण मला भांडं नको होतं. माझ्या पहिल्या भाजलेल्या कांड्या मॅडमच्या नेहमीच्या भट्टीत गेल्या, सगळ्यांच्या कपबशांबरोबर, १००० अंशांना. बाहेर आल्या त्या देखण्या. टेबलावर आपटली तर टणटण वाजायची. बशीवर ओढली तर रेघ बशीला पडायची, खडूला काही नाही. ओरखडा, रंग शून्य. दोन दगड एकमेकांवर घासून काय होणार?

मॅडमकडे नमुने भाजायची एक छोटी भट्टी आहे, आत जेमतेम चार कप मावतील एवढी. तिच्यात मी सहाशेपासून सुरुवात केली आणि पन्नास-पन्नास अंशांनी वर चढलो. सहाशेला रांगोळी. सातशेला बरी, पण कपाच्या काठावर दाब दिला की टोक उडतं. साडेसातशेला मऊ आणि गडद. आठशेला झकास. साडेआठशेला जोर लावावा लागतो. नऊशेला बारीक, फिकी, तुटक रेघ. मी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. ७५० वर लिहिलं '४बी', ८०० वर 'एचबी', ९०० वर '४एच'. मॅडम हसल्या. पण त्या चिठ्ठ्या आता वर्गातल्या सगळ्या वाचतात, आणि परवा एक मुलगी "काका, टू-बी संपला का?" असं विचारत आली तेव्हा मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

पन्नास अंशांत हा सगळा खेळ आहे. खडू उपयोगी पडतो तो झिजतो म्हणून, पण नुसता झिजून भागत नाही, हातात टिकलाही पाहिजे. (इथे चंदनाची उपमा देण्याचा मोह होतो. निरोप समारंभात माझ्यासह सगळ्यांना ती दिली गेली होती, तेव्हा तिला इथे सुट्टी.)

रंग मी ठरवले ते टोपोशीटवरून. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक असेल. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी, पाणी निळं, झाडी हिरवी, शेती पिवळी, रस्ते आणि वस्ती लाल, अक्षरं काळी. हे सहा रंग माझ्या डोळ्यांत इतके मुरलेत की खरंखुरं शेतसुद्धा मला पहिल्यांदा पिवळंच दिसतं. तर सहा खडू करायचे.

तपकिरी सोपा होता. पूजेच्या सामानाच्या दुकानातला गेरू, कुंड्यांना लावतात तोच. पिवळ्यासाठी मी खनिज पिवडी आणली, पूर्वी भिंती रंगवायला वापरायचे ती. खडू सुंदर पिवळाधमक झाला. भट्टीतून आला तो लाल. पिवडी म्हणजे पाणी धरून बसलेलं लोखंडाचं भस्म, तापवलं की पाणी उडतं आणि मागे उरतो गेरूच. तीनशे अंशांच्या आसपासच हे होऊन जातं, म्हणजे माझ्या आठशेची वाटही तिनं पाहिली नसणार. हिरव्यासाठी क्रोमचं भस्म घेतलं. हा खडू भट्टीतून हिरवाच आला, भांड्यावर हिरवाच उमटला. मी निर्धास्त. वरून मॅडमचं नेहमीचं पारदर्शक ग्लेझ चढलं आणि शेवटच्या भाजणीतून झाडी आली तपकिरी. त्या ग्लेझमध्ये जस्त होतं. क्रोमला जस्त भेटलं की हिरवा जातो आणि तपकिरी येतो. म्हणजे माझ्या पहिल्या नकाशावर डोंगर तपकिरी, शेतं तपकिरी आणि जंगलही तपकिरी. मेमधला मराठवाडा म्हणून खपवलं असतं.

आता हिरव्यासाठी बिनजस्ताचं ग्लेझ वेगळं ठेवलंय. पिवळ्यासाठी झिरकॉनचा तयार स्टेन, म्हणजे भट्टीत टिकणारा रंग, विकत आणतो. ती हार मान्य. लाल मात्र अजून नाही. गेरूचा लाल साडेबाराशे अंशांच्या ग्लेझखाली जाऊन लाल राहत नाही, आणि जे लाल स्टेन राहतात त्यांत कॅडमियम असतं. ते नीट बंदिस्त केलेलं असतं म्हणतात, पण माझ्या व्हरांड्यात मला ते दळायचं-चाळायचं नाही. माझ्या नकाशावर रस्ते नाहीत. लोकांनी शेताच्या बांधावरून जावं.

निळ्याची गंमत वेगळी. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला फेरोप्रिंट असायच्या, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. तो निळा लोखंडाचा. लोखंडाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरायचा आणि पाण्यात धुवायचा. पुढे अमोनिया प्रिंट आल्या आणि नाक कायमचं बसलं. तर कागदावर जे लोखंड निळं होतं तेच भट्टीत विटकरी, आणि निळ्यासाठी इथे कोबाल्टच लागतं. ते महाग, पण तिखट. मी भोळेपणानं शंभराला पंधरा ग्रॅम घातलं होतं, बाकी रंगांच्या मापानं. रेघ काळी आली आणि ग्लेझमध्ये पसरून दुप्पट जाड झाली, टिपकागदावर शाई फुटावी तशी. पाच ग्रॅम पुरे होतं. सोऱ्याच्या दट्ट्यावर सापडलेली रेघ ती पंधरा ग्रॅमची, हे मी हिला सांगितलेलं नाही. आता वाचेल.

एक गोष्ट मस्करीत घेण्यासारखी नाही. कोरडी माती चाळताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक, आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. आमच्या शाळेत पाटीवरची पेन्सिल खाणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात असायची. मीही त्यातलाच, ओल्या भिंतीचा वास आणि पेन्सिलीची चव मला सारखीच वाटायची. ती पेन्सिल म्हणजे कापलेला दगड. मध्य प्रदेशात मंदसौरला तिचे कारखाने होते. दगड कापताना उडणाऱ्या धुळीनं तिथल्या कामगारांना सिलिकोसिस व्हायचा, आणि कित्येक जण ऐन उमेदीत गेले. आम्ही वर्गात जी कुरुमकुरुम खायचो, ती कुणाच्या तरी छातीतून आलेली होती. हे वाचल्यापासून मी मास्क लावल्याशिवाय डबा उघडत नाही, व्हरांडा झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसतो. मँगनीजचा काळा करायचा सोडून दिला, कारण त्याची धूळही वाईट आणि भट्टीतला धूरही. आणि नातवंडं आली की सगळे डबे कपाटात, कुलूप. चकलीच्या काट्यांचा रंगीत खडू पोराला खाऊ वाटला तर त्यात त्याची चूक काय?

खडूची रेघ भांड्यावर कशी दिसते, ते सांगायला पाहिजे. ब्रशची रेघ वरून वाहते. खडूची रेघ उंचवट्यांवर बसते आणि खळगे सोडून देते. भाजलेल्या मातीचा पोत, त्यातला रेतीचा कण, चाकावर फिरताना उठलेली बोटांची वळणं, सगळं रेघेत उतरतं. संक्रांतीला सुगडं घेताना जवळून पाहा. त्यांच्यावरच्या पांढऱ्या-लाल पट्ट्याही अशाच असतात, कुंभारणीनं सुगड फिरवता फिरवता ओढलेल्या, एका जागी दाट आणि एका जागी संपत आलेल्या. मला आधी त्या ओबडधोबड वाटायच्या. आमच्या हॉलमध्ये असल्या रेघेला ब्लेड दाखवलं असतं.

नवखेपणी मी काय करायचो? रेघ तुटली की परत गिरवायची. तुटक भाग भरून काढायचा. मग ती रेघ फोटोकॉपीसारखी मेलेली दिसायची, आणि वर ग्लेझच्या बादलीत बुडवली की जाड थराची भुकटी सुटून ग्लेझमध्ये उतरायची. मॅडमचं अख्खं पारदर्शक ग्लेझ मी एकदा असं निळसर करून ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण बादलीवर 'काका' असं लिहिलं. तेव्हापासून माझी बादली वेगळी. आता मी चित्रावर आधी सीएमसीचं, म्हणजे एका सेल्युलोजच्या डिंकाचं, पातळ पाणी फवारतो. त्यानं भुकटी धरून राहते. मग ग्लेझ, तेही फवारून, पातळ.

गेल्या पावसाळ्यात मी एक मोठी बशी केली, चौदा इंची. तिच्यावर काय काढायचं ते ठरलं नव्हतं. तपकिरी खडू घेतला आणि हात आपोआप समोच्च रेषा काढायला लागला. एक डोंगर, एक सोंड, मधून ओढा. तिसऱ्या-चौथ्या रेघेला माझ्या लक्षात आलं की हा कुठला तरी डोंगर नाही. हा मी काढलेला आहे.

१९८४ साल असेल. एका धरणाच्या बुडीत क्षेत्राचे नकाशे आमच्या टेबलावर होते, १:५००० प्रमाणाचे. पूर्ण संचय पातळीची, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर चढेल तिथली, रेषा निळ्या शाईनं मी गिरवली होती, अर्धा मिलिमीटर जाडीच्या निबनं, एकसारखी, कुठेही हात न थरथरता. साहेबांनी कौतुक केलं होतं. काही दिवसांनी दुपारी एक म्हातारा शेतकरी ऑफिसात आला. कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं, नकाशा माझ्यापुढे होता म्हणून. मी पंचविशीतला, आणि तो मला साहेब म्हणत होता.

"साहेब, माझी हीर कुठं बसती ह्याच्यात?"

मी गट नंबर विचारून शोधली. घर रेषेच्या वर होतं. शेत बरंचसं खाली. विहीर शोधताना मला वेळ लागला, कारण ती दिसत नव्हती. माझ्या रेघेखाली होती.

"आत का भाईर?"

मी उत्तर दिलं नाही. मनातल्या मनात गुणाकार केला. अर्धा मिलिमीटर गुणिले पाच हजार म्हणजे अडीच मीटर. माझी रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होती. त्याची विहीर तेवढ्यात बसत होती. नकाशावर रेषेला जाडी नसते असं आम्हाला शिकवलेलं, आणि मी ती किती सुबक जाडीनं काढली होती! "मोजणीवाले सांगतील," मी म्हणालो. तो बराच वेळ रेघेकडे बघत उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "ही तुमी काढली?" मी हो म्हणालो. "लई सरळ आलीया," तो म्हणाला आणि गेला. ती सरळ नव्हती, नदीच्या काठाकाठानं वळत गेलेली होती. त्याला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही कळलं नाही.

बशीवर मी निळा खडू घेतला. एचबी. ट्रेसिंग नाही, पट्टी नाही, मूळ नकाशा तर कुठल्या रद्दीत गेला कोण जाणे. आठवणीतून ती रेषा ओढत गेलो. सोंडेपर्यंत ठीक आली. पुढे बशीच्या मातीत एक रेतीचा खडा वर आलेला होता, खडू त्यावरून उडाला आणि पलीकडे टेकला. मधे चार-पाच मिलिमीटर रेघच नाही.

मॅडम मागून बघत होत्या. "काका, तिथे तुटलीय. परत ओढणार?"

"नको," मी म्हणालो. "तिथे विहीर आहे."

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. बशी साडेबाराशेच्या भट्टीतून नीट आली. निळा जरासा फुटला, कोबाल्टची खोड, पण ती फट भरली नाही. ही बशी विकायची नाही, असं मी सांगून टाकलंय. अर्थात विकत मागितलीही कुणी नाही. हिनं ती दिवाणखान्यात ठेवली आणि पहिल्याच दिवशी तिच्यात किल्ल्या टाकल्या.

निळा खडू त्या दिवशी नखाएवढा उरला. चिमटीत धरता येईना म्हणून बोरूच्या नळीत खुपसून वापरला. वहीत पुढची नोंद अशी आहे : 'घाणा ३१. कोबाल्ट ४, फ्रिट १२ करून बघणे. ७८० ला भाजणे. चकती सुटी झालीये, वायसर बदलणे.' वायसर बोहरपट्टीत मिळेल. चकलीच्या सोऱ्याचं म्हणूनच मागीन. खरं सांगत बसलो तर दुकान बंद व्हायची वेळ होईल.